जन्म दाखला एकदा निघाला की बदलायचाच नाही का?

कोरेगावची थोरली (जि. सातारा)

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की लोक "राजपत्रात नाव बदलून घ्या" एवढं सांगून मोकळे होतात.

आम्ही तिघी बहिणी, मी थोरली. धाकटी २००६ ची. तिच्या वेळी आई माहेरी होती, खानापूर तालुक्यात. तिसरीही मुलगीच झाली म्हटल्यावर आजीने पाचवीच्या पूजेलाच सांगून टाकलं, हिचं नाव नकुसा ठेवा, म्हणजे पुढचा मुलगा होईल. पाळणा काही बांधला नाही. आजोबांनी गावात जन्माची खबर दिली आणि रजिस्टरला तेच नाव लागलं. आपल्याकडे हे किती घरांत झालंय ते सातारा-सांगलीकरांना सांगायला नको.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात अशा २८५ मुलींना एकाच कार्यक्रमात नवी नावं दिली गेली. आम्ही तेव्हा वडिलांच्या कामामुळे जिल्ह्याबाहेर होतो, म्हणून धाकटी त्यात नव्हती. पण वडिलांनी ती बातमी वाचली आणि कापून ठेवली. पुढच्या जूनमध्ये तिला पहिलीत घालताना त्यांनी प्रतिज्ञापत्र केलं आणि आम्ही दोघी बहिणी तिला ज्या नावाने हाक मारायचो ते नाव शाळेत लावलं. ते नाव इथे लिहीत नाही. तेव्हापासून दहावी, बारावी, आधार, बँक सगळं त्याच नावावर आहे. आता ती मिरजेत नर्सिंग शिकते. पुढे परदेशात नोकरी करायची म्हणून आत्तापासून कागद गोळा करतोय आणि त्या यादीत जन्म दाखला आहे.

दाखला काढला. त्यावर नकुसा.

बदलायला गेलो तर सांगितलं, नाव बदलत नसतं, फार तर पुढे "उर्फ" लावून देऊ. म्हणजे दोन्ही नावं शेजारी शेजारी, कायमची. मी वाद घातला तर तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं की जन्माचा दाखला म्हणजे जन्माच्या वेळचं, त्यात नंतरचं काही येत नाही. माणूस उद्धट नव्हता. त्याचं म्हणणं मनात घोळत राहिलं म्हणूनच इथे लिहितेय.

कारण त्यात तथ्य असेलही. पण जन्मलेल्या बाळाने तर ते नाव सांगितलं नव्हतं. वजन, वेळ, गाव, आईचं नाव या गोष्टी घडल्या तशा लिहिल्या. नाव मात्र कोणीतरी ठरवलं आणि तेही त्या मुलीसाठी नव्हे, न जन्मलेल्या भावासाठी. अशा नावाला "घडलेली गोष्ट" म्हणून किती धरून ठेवायचं? हा कागद ती पुढे आयुष्यभर अनोळखी माणसांच्या हातात देणार आहे. व्हिसाच्या खिडकीवर, लग्नाच्या नोंदणीला, उद्या स्वतःच्या बाळाच्या वेळी. प्रत्येक वेळी कोणीतरी ते वाचणार.

मला विचारायचंय ते असं. दाखला निघाल्यावर बदलता यावा की नाही? आणि यावा तर मूळ नाव पूर्ण पुसलं जावं की नाही? मला तरी वाटतं पुसावं. कायद्यातलं कोणाला माहीत असेल तर सांगा, पण स्वतःला काय वाटतं तेही सांगा.

निवृत्त ग्रामसेवक, तासगाव

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझी नोकरी सगळी सांगली जिल्ह्यात गेली आणि ग्रामसेवक हाच गावचा जन्म-मृत्यू निबंधक असतो, त्यामुळे हे रजिस्टर मी जन्मभर हाताळलंय. नकुसा, नकोशी ही नावं माझ्याही हाताने लिहिली गेली आहेत. खबर देणारा सांगेल ते लिहायचं असा नियम. मन खायचं, पण लिहायचो.

आधी कायदा. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. त्याचं कलम १५ दुरुस्तीचं. नोंद चुकीची असल्याची किंवा कपटाने वा गैर रीतीने केलेली असल्याची निबंधकाची खात्री पटली तर तो दुरुस्ती करू शकतो. पण कशी, तर मूळ नोंदीला हात न लावता. बाजूला समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची, तारीख घालायची. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. पान फाडणं तर गुन्हाच. तेव्हा "पूर्ण पुसा" हे तुमचं मागणं कायद्यात बसत नाही आणि खरं सांगतो, बसूही नये.

का बसू नये ते सांगतो. लोक दाखला बदलायला येतात ते सगळे तुमच्यासारख्या कारणाने येत नाहीत. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की पाहा. दोनपेक्षा जास्त मुलं असतील आणि तिसरं सप्टेंबर २००१ नंतरचं असेल, तर माणूस उमेदवारीतून बाद होतो. मग एकेकाला आठवतं की धाकट्याची तारीख चुकली आहे, किंवा ते मूल खरं भावाचं आहे, आमच्या नावावर चुकून लागलंय. लग्नसराईत वेगळे लोक येतात. पोरगी सोळाची असते आणि बाप म्हणतो दोन वर्षं मागे घ्या, भाऊसाहेब. तालमीतल्या पोरांचं उलटं, वय कमी करून हवं असतं, खालच्या गटात खेळायला मिळावं म्हणून. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या एका मुलीचं लग्न त्या रजिस्टरातल्या तारखेनेच थांबलं होतं. तो बाप माझ्याशी पुढे बोलला नाही. पण त्या दिवशी तारीख हलली असती तर त्या पोरीला वाली कोण होता?

म्हणून माझं म्हणणं असं की तारीख आणि आईबाप यांना सहजासहजी हात लावू देऊ नये. भक्कम पुरावा असेल तरच. नावाचं मात्र वेगळं आहे. नाव बदलल्याने कोणाचं वय वाढत नाही, कोणाचा वारसा जात नाही. कायद्यानेसुद्धा नावाची एवढी घाई ठेवलेली नाही. नाव न घालता नोंद झाली असेल तर पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येतं, पहिल्या वर्षात तर फीसुद्धा नाही. तुमच्या आजोबांनी त्या दिवशी नावाचा रकाना रिकामा ठेवला असता तर हा प्रश्नच आला नसता.

पाटणचे गुरुजी

ग्रामसेवक साहेबांशी तारखेबाबत पूर्ण सहमत. माझं स्वतःचं सांगतो.

आई म्हणायची, तू दसऱ्याला झालास आणि दोन महिन्यांनी भूकंप झाला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, आमच्या भागात त्या पहाटेची तारीख कोणी विसरत नाही. म्हणजे माझा जन्म ऑक्टोबर १९६७ चा. शाळेत मात्र १ जून १९६७. आमच्या पिढीतला अर्धा वर्ग एक जूनचा, कारण शाळा जूनला भरायची आणि गुरुजींना पोरगं त्या वर्षात बसवायचं असायचं. मी ३१ मे २०२५ ला निवृत्त झालो. खऱ्या तारखेने ऑक्टोबरअखेर झालो असतो.

नोकरीला लागल्यावर पाच वर्षांच्या आत सेवापुस्तकातली जन्मतारीख दुरुस्त करून मागता येते, नंतर नाही. मी मागितली नाही. पुढे तहसीलच्या दप्तरात कोतवालाची जुनी नोंद पाहायला मिळाली, गाव नमुना १४. तिथे ऑक्टोबरचीच तारीख. वडिलांचं नाव, मुलगा, बस. ते लिहिणाऱ्या माणसाला माझ्या शाळेशी, नोकरीशी, पेन्शनीशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून मला ती ओळ खरी वाटते. जन्माच्या वेळी जे लिहिलं जातं त्याची किंमत एवढ्यासाठीच आहे की तेव्हा त्यातून कोणाला काही मिळवायचं नसतं.

बाई, तुमच्या बहिणीचं नाव मात्र याच्या नेमकं उलट आहे, हे मला तुमचं वाचताना जाणवलं. तिच्या नोंदीत तारीख निःस्वार्थ आहे, नाव नाही. त्यातून आजीला काहीतरी मिळवायचं होतं. शाळेत माझ्या हाताखालून अशा मुली गेल्या. हजेरी घेताना मी त्यांना आडनावाने हाक मारायचो.

वाईकर

थोडक्यात एक बाजू. २०२३ ला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि सगळीकडे कुणबी नोंदी शोधणं सुरू झालं, तेव्हा आम्हीही पणजोबांची नोंद शोधली. मोडीत होती. मोडी वाचणारे एक काका मिळाले, त्यांनी ओळ लावून दिली. ज्यांनी मध्ये कधी "जरा चांगलं दिसावं" म्हणून जुन्या कागदावर जात किंवा नाव गिरवून बदललं होतं त्यांच्या नोंदी आता संशयात आहेत आणि घरचे लोक कपाळाला हात लावून बसलेत. मूळ ओळ कितीही वाईट असो, वाचता यायला हवी. शंभर वर्षांनी ती कोणाला कशासाठी लागेल सांगता येत नाही.

कोरेगावची थोरली

सगळ्यांचे आभार. गुरुजी, तुमचं शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं.

पण भाऊसाहेब आणि वाईकर दादा, एक गोष्ट पटत नाही. शंभर वर्षांनी कोणाला तरी लागेल म्हणून आज वीस वर्षांच्या मुलीने ते नाव छातीवर लावून फिरायचं, हा हिशेब कसा? पणजोबा गेले होते, त्यांना कोणी त्या ओळीवरून हसत नव्हतं. माझी बहीण जिवंत आहे. वसतिगृहात प्रवेशाच्या वेळी कागदांच्या झेरॉक्स एका मुलीने पाहिल्या आणि आठवडाभर तिला त्याच नावाने हाक मारली गेली. ती घरी येऊन काही बोलली नाही, मैत्रिणीकडून कळलं.

नोंद सांभाळायची असेल तर सांभाळा. पण ती सांभाळण्याचं ओझं तिच्या अंगावर का?

सांगलीची आई

ताई, तुमच्या या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरात आहे, म्हणून लिहिते.

आमची मुलगी दत्तक आहे. आम्हाला दत्तकाचा आदेश कोर्टाकडून मिळाला. सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. आदेश मिळाला की त्यावरून निबंधक जन्म दाखला देतो आणि त्यावर आईवडील म्हणून आमची नावं असतात. ती दत्तक आहे असं दाखल्यावर कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे भाऊसाहेब म्हणतात त्या "हात लावू नये" अशा रकान्यांतला सर्वांत मोठा रकाना, आईबापांचा, कायदा स्वतः बदलतो. मुलाच्या भल्यासाठी बदलतो.

तरी खरं हरवत नाही. संस्थेकडे तिची फाईल आहे. तिला आम्ही लहानपणापासून सांगितलंय, झोपताना तीच गोष्ट मागायची. अठरा वर्षांची झाली की आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी ती स्वतः अर्ज करू शकते, त्याची रीत दत्तक नियमांत आहे आणि जन्मदात्या आईचा खासगीपणाही त्यात राखलेला आहे. काय, किती आणि कधी जाणून घ्यायचं ते ती ठरवेल. शाळेच्या खिडकीवर बसलेला कारकून ठरवणार नाही.

मला हेच योग्य वाटतं. जपून ठेवायचा कागद एक आणि हातात घेऊन फिरायचा कागद एक. दोन्हींवर सगळं सारखं छापलं पाहिजे असा हट्ट का? सुरुवातीला मलाही नातेवाइकांनी सांगितलं की खोटा दाखला घेताय. माझ्या लेकीच्या दाखल्यात खोटं काहीच नाही. तिची आई मीच आहे.

विट्याचे वकील

खानापूर तालुका म्हणजे आमचंच कार्यक्षेत्र, म्हणून थोडं कायद्याचं. अर्ज जन्म झाला तिथल्या निबंधकाकडेच करावा लागेल, कोरेगावला नाही.

राजपत्रातल्या जाहिरातीने पुढचे कागद सुधारतात, जन्म रजिस्टर आपोआप बदलत नाही. पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. नोंद "चुकीची" होती असं दाखवणं अवघड जाईल, कारण खबर देणाऱ्याने तेच सांगितलं होतं. पण कलम १५ मध्ये गैर रीतीने केलेल्या नोंदीचाही उल्लेख आहे. मुलीला नकोशी म्हणून हिणवणारं नाव सरकारी दप्तरात लावणं ही नोंद गैर रीतीने झाली, असा युक्तिवाद मी ठामपणे करेन. निबंधक मान्य करेलच असं नाही.

पण तत्त्वाचा प्रश्न विचारलाय म्हणून सांगतो. पारलिंगी व्यक्तींचा २०१९ चा कायदा पाहा. जिल्हा दंडाधिकाऱ्याकडून ओळखीचं प्रमाणपत्र मिळालं, की त्या व्यक्तीला जन्म दाखल्यातलं पहिलं नाव बदलून घेण्याचा हक्क कलम ७ ने दिला आहे. स्पष्ट शब्दांत, जन्म दाखल्यातलं. म्हणजे जन्माच्या वेळी इतरांनी ठेवलेलं नाव माणसाला आयुष्यभर बांधील नसतं हे संसदेने एका ठिकाणी मान्य केलंय. मग ज्या मुलीच्या नावातच तिचा नकार लिहिला आहे तिला हा हक्क का नसावा? माझ्या मते तो असायला हवा. सज्ञान झालेल्या प्रत्येकाला आपलं पहिलं नाव एकदा, पुराव्यानिशी, बदलून घेता यावं आणि छापील दाखल्यावर फक्त नवं नाव यावं. समासातली नोंद रजिस्टरात राहील, कोर्टाने मागवली तर दिसेल.

आणखी एक. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात दुरुस्ती लागू झाली आहे. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, मतदार यादी, सरकारी नोकरी, विवाह नोंदणी अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळ सिद्ध करायला जन्म दाखलाच लागणार. आपल्या पिढीकडे शाळा सोडल्याचा दाखला तरी होता, त्यावर निभावलं. पुढच्या मुलांना ती पळवाट नाही. त्यामुळे त्या दाखल्यात दुरुस्तीचं दार किती उघडं ठेवायचं हे आता ठरवायला हवं. त्याच दुरुस्तीने अपिलाची सोयही आली, कलम २५-क. निबंधकाने नाकारलं तर ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं. तेव्हा तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकार लेखी मागा.

वाळवा तालुका

मध्येच विचारतो. माझ्या दाखल्यावर जन्मस्थळ इस्लामपूर आहे. २०२५ मध्ये गावाचं नाव ईश्वरपूर झालं. दाखला बदलून घ्यावा लागेल का?

निवृत्त ग्रामसेवक, तासगाव

नाही. जन्मला तेव्हा गावाचं जे नाव होतं तेच राहतं, ती चूक नव्हे. कोणी विचारलंच तर नामांतराची अधिसूचना दाखवा.

ताई, सांगलीच्या बाईंचं वाचून मी विचार केला. त्यांचं बरोबर आहे. रजिस्टर आणि दाखला एकच असं आम्ही धरून चालतो, कारण आमच्या हाताखाली दोन्ही एकाच टेबलावर असतात. समासात दुरुस्ती लिहिली, मूळ ओळ शाबूत राहिली, तर दाखल्यावर दुरुस्त झालेलंच नाव छापायला माझी काही हरकत नाही. "उर्फ" लावणं हा कारकुनी आळस आहे. त्याने नोंद जपली जात नाही, माणसाला टोचत मात्र राहतं.

कोरेगावची थोरली

काल बहीण घरी आली होती. सगळी उत्तरं तिने स्वतः वाचली. मी म्हटलं, सांग, पुसायचं की नाही. ती म्हणाली, पुसू नका. रजिस्टरात राहू दे, माझ्या आजोळी तेव्हा काय चाललं होतं ते कोणाला तरी कळायला हवं. पण माझ्या हातातल्या कागदावर ते नको, उर्फ नको, कंसात नको.

तेव्हा माझं आधीचं मागणं बाजूला आणि आता तिचं तेच माझं. वकील साहेब, गैर रीतीने केलेली नोंद हाच मुद्दा धरून अर्ज लिहितोय. शाळेचा दाखला, वडिलांचं २०१२ चं प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि बहिणीचा स्वतःचा अर्ज. त्यात तिने स्पष्ट मागितलंय की समासात दुरुस्ती करावी आणि दाखल्यावर फक्त आताचं नाव द्यावं. नाकारलं तर अपील करणार.

भाऊसाहेब, एकच विचारायचं राहिलं. आजोबा गेले, पण आजी आहे. ऐंशीच्या पुढची आहे, ऐकू कमी येतं, डोकं शाबूत आहे. बहिणीने हे सगळं तिला सांगितल्यावर ती आपण होऊन म्हणाली की मी सांगते साहेबाला, नाव मी ठेवायला लावलं होतं, पोरीचा काही दोष नाही. तिचा जबाब चालेल का?

निवृत्त ग्रामसेवक, तासगाव

चालेल काय, तोच पाहिजे. नोंदीतला आशय बदलायचा असेल तर खरी हकीकत माहीत असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींचं निवेदन नियमात मागितलंय. आजी एक झाल्या. दुसरं कोणी बाळंतपणाच्या वेळी घरात असलेलं बघा, मामी किंवा शेजारीण. आजींना सही येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा घ्या, खाली साक्षीदाराची सही घ्या आणि निवेदन त्यांना मोठ्याने वाचून दाखवल्याचं त्यातच लिहा. नाव कोणी, का ठेवलं आणि मुलीला लहानपणापासून कोणत्या नावाने ओळखतात, हे तिन्ही त्यात आलं पाहिजे. दोन प्रती करा. एकीवर पोच घेऊन ती घरी ठेवा.